ऑफिसात तिला 'काळी' म्हणायचे, आणि मी सांगितलं ते देवीचं नाव आहे

रानजाई

बरीच वर्षं या संस्थळावर रोमात (नुसतीच वाचक) आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबेल. नावं सगळी गाळली आहेत. कोणाला माणसं ओळखीची वाटली तर कृपया इथे लिहू नका.

मी न्यू जर्सीत एका विमा कंपनीच्या आयटी टीममध्ये सात वर्षं आहे. टीम अकरा जणांची. त्यात सात भारतीय, आणि सातांत आम्ही तिघं मराठी. उरलेल्या चौघांपैकी एक डी. ती ब्लॅक आहे, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, टेस्टिंगची प्रमुख. रिलीजच्या, म्हणजे नवं सॉफ्टवेअर चालू करण्याच्या, आदल्या रात्री डी. 'नाही' म्हणाली की रिलीज थांबतो, त्यामुळे डेव्हलपर मंडळींचा तिच्यावर राग असतोच. त्या रागाचा रंगाशी संबंध नाही, असं मी इतके दिवस स्वतःला सांगत आले.

आम्हा तिघांतल्या एकाला इथे दादा म्हणते, कारण प्रत्यक्षातही मी त्याला दादाच म्हणते. पहिल्या हिवाळ्यात बर्फात गाडी चालवायला त्याने शिकवलं. माझ्या बाळंतपणात वहिनींनी महिनाभर डबे पाठवले. आमची मुलं रविवारी एकाच मराठी शाळेत जातात, गणपतीत दोन्ही घरं एकाच ढोलपथकात असतात.

हा दादा डी.ला 'काळी' म्हणतो. पाठीमागे नाही, चक्क समोर, फक्त मराठीत. "काळीला विचार बिल्ड कधी घेतेय." "काळीचा मूड बघून जा." मी स्वतः तो शब्द कधी वापरला नाही. पण "काळी आली का?" असं विचारल्यावर "आली, वरच्या मजल्यावर आहे" असं उत्तर मी दिलेलं आहे. एकदा नाही, पुष्कळदा.

तीन आठवड्यांपूर्वी कॉफीच्या मशीनपाशी डी.ने मला गाठलं. म्हणाली, एक शब्द माझ्या कानावर येतो, काली. चार-पाच वेळा ऐकला, आणि दर वेळी कोणीतरी माझ्याकडे बघतं. अर्थ काय त्याचा?

मी म्हटलं, आमच्या एका देवीचं नाव आहे.

क्षणात सुचलं, आणि सुचल्याचं बरंही वाटलं, हे कबूल करते. ती "अच्छा" अशा अर्थाचं काहीतरी म्हणून गेली. पुढच्या सोमवारी परत आली. "वाचलं मी तुमच्या देवीबद्दल. जीभ बाहेर, गळ्यात मुंडक्यांची माळ. छान आहे. रिलीजच्या मीटिंगमध्ये तिचं काय काम असतं?" मी हसले. ती हसली नाही.

आता तिने तक्रार केली आहे. एचआरने गुरुवारी मला अर्धा तास बोलावलंय. मेल आला त्याच रात्री दादाचा फोन: "सगळ्यांनी एकच सांगायचं, देवीचं नाव. तूच तर सांगितलंयस तिला."

माझी ग्रीन कार्डाची फाइल याच कंपनीमार्फत आहे. नवऱ्याचं स्टेटस माझ्या व्हिसावर. गुरुवारी काय सांगू?

चहाबाज

उगाच टेन्शन घेताय. काळी-गोरी हे आपल्याकडे नुसतं वर्णन असतं. माझ्या सख्ख्या मावशीला अख्खं गाव काळीमावशी म्हणतं, तिला वाईट वाटल्याचं ऐकिवात नाही. आणि ते लोक स्वतःला ब्लॅकच म्हणवतात ना? मग मराठीत काय म्हणायचं, जांभळी? (दिवा घ्या, म्हणजे गंमतीत घ्या.)

दादाने तुमच्यासाठी इतकं केलं, आता एवढ्याशा शब्दावरून त्याची नोकरी घालवणार का?

सातूचं_पीठ

चहाबाज, मावशीला कधी विचारलंत का?

मी आमच्या घरातली काळी. पाहायला येणाऱ्यांना आई मुद्दाम दिवेलागणीची वेळ द्यायची, ट्यूबलाइटपेक्षा बल्बच्या उजेडात बरी दिसते म्हणून. "रंग सावळा आहे पण नाकीडोळी नीटस", या वाक्यातल्या 'पण'वर मी आठ वर्षं काढली. आमच्यातही कोणाला वाईट वाटल्याचं ऐकिवात नव्हतं. ऐकायला कोणी बसलंच नव्हतं.

रानजाई, इंग्रजीत बोलताना दादा तिला काय म्हणतो? नावाने हाक मारतो ना? मग मराठीतच नाव का संपतं?

तिसरा_स्लिप

'वर्णन' आणि 'प्रेमाने म्हणतो'वरून आठवलं. जून २०२० मध्ये वेस्ट इंडिजचा माजी कर्णधार डॅरेन सॅमीने जाहीर सांगितलं होतं की आयपीएलमध्ये हैदराबादकडून खेळताना त्याला आणि श्रीलंकेच्या थिसारा परेराला 'कालू' म्हणत. त्याचा समज होता की याचा अर्थ दणकट घोडा वगैरे. खरा अर्थ कळल्यावर जुने दिवस आठवून तो भडकला. नंतर तसं म्हणणाऱ्यांपैकी एकाने फोनवर 'प्रेमापोटी म्हणायचो' असं सांगितलं, तेही त्याने जाहीर केलं आणि विषय मिटवला.

मला त्यातलं एकच लक्षात राहिलंय. हाक मारली की तो हसून ओ देत असणार, आणि बाकीचे त्या ओ देण्याला हसत असणार.

नियमावली

ओहायोत चौदा वर्षं एचआरमध्ये आहे. वकील नाही, त्यामुळे जमलं तर गुरुवारच्या आधी एखाद्या नोकरीविषयक वकिलाशी तासभर बोलून घ्या. कंपनीचा एचआर तुमचा वकील नसतो, तो कंपनीचा असतो. आम्ही कितीही गोड बोललो तरी.

आता तुमच्या भीतीबद्दल. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं सातवं प्रकरण पंधरा किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या नोकरीच्या जागी वंश, रंग, धर्म, लिंग आणि मूळ देश यांवरून भेदभावाला मनाई करतं. वंश आणि रंग त्यात वेगवेगळे लिहिले आहेत, हे आपल्या लोकांनी जरा नीट वाचावं. न्यू जर्सीचा स्वतःचा कायदा तर १९४५ चा आहे. तक्रार करणाऱ्यावर सूड उगवायला बंदी आहे हे बहुतेकांना माहीत असतं. साक्षीदाराचं काय, हा प्रश्न २००९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला होता. क्रॉफर्ड नावाच्या नॅशव्हिलच्या बाई. त्यांनी स्वतः तक्रार केलेली नव्हती. अंतर्गत चौकशीत विचारलं तेव्हा एका वरिष्ठाच्या लैंगिक वर्तनाबद्दल खरं ते सांगितलं, आणि पुढे त्यांनाच काढलं. सगळ्या न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की अशा उत्तरालाही कायद्याचं संरक्षण आहे. तुमची गुरुवारची खुर्ची तीच आहे.

संरक्षण आहे म्हणजे त्रास होणारच नाही असं मी म्हणत नाही. एच-वन-बी व्हिसावर नोकरी गेली तर दुसरी सोय बघायला हातात जास्तीत जास्त साठ दिवस, हे तुम्हाला माझ्याहून चांगलं पाठ असेल. म्हणूनच वकील म्हटलं. पण खोटं बोलून ते साठ दिवस वाचतील असं वाटत असेल तर तो हिशेब चुकीचा आहे. चौकशीत खोटं सांगणं हे नोकरी जाण्याचं स्वतंत्र आणि सोपं कारण आहे. मी स्वतः अशा फाइली बंद केल्या आहेत. मूळ शब्द उच्चारणारा लेखी समज घेऊन सुटला, आणि त्याच्यासाठी खोटं बोलणारा घरी गेला.

दादाशी या विषयावर आता एक अक्षरही नको. त्याचा फोन आला होता हे लपवू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर काही असेल तर पुसू नका. आज रात्री बसून आठवेल ते लिहून काढा: कुठे ऐकलं, साधारण कधी, कोण हजर होतं. जे ऐकलं तेवढंच. 'त्याच्या मनात काय होतं' असं विचारतील, तर ते मला माहीत नाही म्हणा, कारण खरंच माहीत नाही. तुम्ही स्वतः काय केलंत तेही सांगा. देवीचं प्रकरण त्यांच्याआधी तुमच्या तोंडून बाहेर पडलेलं बरं.

चहाबाज

म्हणजे आता ऑफिसात मराठी बोलायचंच नाही? मातृभाषा गुन्हा झाली का?

नियमावली

नाही झाली. उलट सरसकट 'फक्त इंग्रजी'चा नियम कंपनीने लावला तर समान रोजगार संधी आयोग कंपनीकडेच संशयाने बघतो. जेवताना, फोनवर, जिन्यात खुशाल बोला. पण टेबलावर पाच जण आहेत, विषय त्या पाचांच्या कामाचा आहे आणि दोघांना कळू नये म्हणून तिघांनी भाषा बदलली, तर ते मातृभाषाप्रेम नसतं. आणि भाषा बदलल्यावर नजर कुठे जाते हे समोरच्याला कळतं. त्याला मराठी यावी लागत नाही.

हडपसरवाला

देशातलंच सांगतो. पुण्यात आमच्या टीमला मणिपूरची एक मुलगी होती. तिला 'चिंकी' म्हणायचे, मीही म्हणायचो, आणि तिने चांगल्यापैकी भात-आमटी खाल्ली की आम्हाला कौतुक वाटायचं. २०१४ मध्ये दिल्लीत नीडो तानिया हा अरुणाचलचा पोरगा केसांवरून झालेल्या चिडवाचिडवीनंतरच्या मारहाणीत गेला. ती बातमी पँट्रीतल्या टीव्हीवर चालू होती. ती मुलगी उठली, ताट तसंच ठेवून जागेवर जाऊन बसली. आमच्यातल्या एकानेही काही विचारलं नाही. दोन महिन्यांनी तिने राजीनामा दिला, कारण लिहिलं 'वैयक्तिक'. धागा वाचून ते ताट डोळ्यासमोर आलं.

माळरान

रानजाई, प्रामाणिक लिहिलंय. पण एक विचारतो. तुमच्या त्या सात जणांच्या टेबलावर आडनाव विचारतात का?

माझ्या पहिल्या टीममध्ये विचारलं होतं. आडनावावरून पत्ता लागला नाही म्हणून गाव विचारलं, मग कुलदैवत, मग "घरी नॉनव्हेज रोज का?" चौथ्या प्रश्नाला मीच सांगून टाकलं. दुसऱ्या दिवसापासून डब्याची देवाणघेवाण माझ्यापाशी येऊन थांबायला लागली. भांडण नाही, शिवी नाही. त्या ऑफिसात माझ्याशी सगळ्यात सरळ वागला तो बाल्टिमोरचा एक ब्लॅक माणूस. त्याने मला फक्त एवढंच विचारलं की तुला डेटाबेस येतो का.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' कोणाला अर्पण केली ते आठवा. अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. पुण्यात बसलेल्या माणसाला तेव्हा हे नातं दिसलं होतं. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले ब्लॅक विचारवंत ड्युबॉईस यांना पत्र लिहून कळवलं की निग्रोंच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या निवेदनाच्या प्रती हव्या आहेत. आणि आपण न्यू जर्सीत एडिसनला राहून 'काळी' म्हणतो.

कोकणस्थ_कट्टा

झालं, जात आलीच. रंगाच्या धाग्यात जात कशाला?

माळरान

कारण टेबल तेच आहे.

खारेवारे

+१ माळरान. सिअ‍ॅटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये भेदभावबंदीच्या यादीत जात घातली ती हवेतून नाही. कॅलिफोर्नियात तसंच विधेयक विधिमंडळाने मंजूर केलं, पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी नकाराधिकार वापरून परत पाठवलं. त्या वेळी याच संस्थळावर किती तलवारी उपसल्या होत्या ते जुन्यांना आठवत असेल.

मी लंडनला. इथल्या २०१० च्या समानता कायद्यात छळाची व्याख्या करताना हेतू 'किंवा' परिणाम असं आहे. प्रतिष्ठेला धक्का लागावा असा हेतू असो, नाहीतर तसा परिणाम झालेला असो. परिणाम ठरवताना समोरच्याला काय वाटलं हे बघतात, आणि तसं वाटणं रास्त होतं का हेही बघतात. त्यामुळे 'माझ्या मनात तसं काही नव्हतं' हे आपलं लाडकं वाक्य इथे अर्ध्यावरच गळून पडतं.

अवांतर: गेल्या वर्षी आमच्या मराठी मॅनेजरीणबाईंनी एका सहकारिणीच्या वेण्यांना हात लावून "खऱ्या आहेत का गं?" विचारलं होतं. वर 'मला किती आवडल्या' हेही. त्या बाईने शांतपणे यांच्या मंगळसूत्राकडे हात नेला आणि विचारलं, "हे खरं आहे का?" मॅनेजरीणबाई दोन पावलं मागे सरकल्या.

चहाबाज

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

प्रशासक

व्यक्तिगत रोखाचे आणि जातीवाचक असे तीन प्रतिसाद उडवले आहेत. धाग्याचा विषय सोडू नये.

जुनी_ओसरी

मी १९७९ पासून जर्सी सिटीत. पोरींनो, पोरांनो, तुमच्यापैकी कितीजणांना 'डॉटबस्टर्स' ठाऊक आहे? १९८७ साली इथे एक टोळी निघाली होती. डॉट म्हणजे आपलं कुंकू. भारतीय दिसला की धर, अशी पत्रंच छापून आली पेपरात. त्याच वर्षी शेजारच्या होबोकेनमध्ये आपल्या एका तरुण मुलाला जमावाने इतकं मारलं की तो गेला. मी नर्स होते, रात्रपाळी सुटायची साडेअकराला. ह्यांनी सांगितलं, टिकली काढून जात जा. काढली.

माझ्या वॉर्डात लोरेन म्हणून ब्लॅक बाई होती (नाव बदललंय). तीन महिने ती मला बसस्टॉपपर्यंत सोडायला यायची, तिचा रस्ता उलट दिशेला असून. एकदा मी म्हटलं, तुला कशाला त्रास. ती म्हणाली, ती पोरं मला लहानपणापासून ठाऊक आहेत.

त्याच दिवसांत मी घरी पत्र लिहिताना तिचा उल्लेख 'ती काळी' असाच करत होते. सासूबाई गेल्यावर पत्रांचा गठ्ठा परत आला तेव्हा वाचलं. माझंच अक्षर.

आणि आपण आलो कसे हेही कोणी सांगत नाही मुलांना. १९२४ च्या इमिग्रेशन कायद्याने आपल्याला दारं जवळपास बंदच होती. नागरी हक्कांच्या चळवळीने देश ढवळून काढला, १९६४ चा कायदा आला, आणि त्याच लाटेत १९६५ ला मूळ देशावर ठरणारा इमिग्रेशनचा जुना कोटा गेला. ह्यांची नोकरी, माझं लायसन्स, तुमचे एच-वन, सगळं त्या दारातून. मार कोणी खाल्ला होता?

रानजाई

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, काही दोनदा. माळरान, हो, विचारतात. मला कधी अडचण आली नाही, म्हणून विचारतात हे आजवर लक्षातच आलं नव्हतं.

एक गोष्ट मूळ पोस्टमध्ये लिहिली नव्हती. एप्रिलमध्ये मॅनेजरने सगळ्यांकडून एकमेकांबद्दल लेखी अभिप्राय मागवले होते. डी.बद्दल मी लिहिलं: 'कामात उत्तम, थोडी आक्रमक'. खरं तर ती कधी आवाज चढवत नाही. दादा चढवतो. त्याच्याबद्दल मी लिहिलं होतं 'पॅशनेट'. काल रात्री दोन्ही अभिप्राय शेजारी ठेवून वाचले.

सातूचं_पीठ

हेही सांग गुरुवारी.

कोकणस्थ_कट्टा

ते कोणी विचारलेलं नाही, मग स्वतःहून पायावर धोंडा कशाला? रानजाई, मी रंगाचं समर्थन करत नाही, पण व्यवहार बघा. उद्या कंपनी तुमच्यामागे उभी राहणार नाही. अडल्यानडल्याला आपलीच माणसं येतात.

नियमावली

आपली माणसं येतात हे खरं आहे. अडचण तिथेच आहे. ऑफिसातला वरिष्ठ, मंडळाचा खजिनदार, ढोलपथकाचा प्रमुख आणि अडीनडीचा दादा एकच माणूस झाला, की त्याला ऑफिसात "हे थांबव" म्हणणं म्हणजे घरी "बाळंतपणातले डबे परत घे" म्हटल्यासारखं होतं. मी गेली काही वर्षं नियम पाळते. सहकाऱ्यांच्या घरच्या पूजेला जाते, पण घरच्या कामासाठी त्यांच्याकडून काही घेत नाही. थोडी तुटक म्हणतात मला. म्हणू देत.

अभिप्रायाबद्दल: वकिलाला आधी विचारा. मग तुमचा निर्णय.

चहाबाज

काल मावशीला फोन केला होता. काय म्हणाली ते इथे लिहीत नाही. माझा पहिला प्रतिसाद राहू द्या, उडवू नका.

रानजाई

अपडेट, कारण बऱ्याच जणांनी विपुत (माझ्या विचारपुशीच्या पानावर) विचारलंय.

वकिलाशी बोलले, चाळीस मिनिटं, फी चांगलीच लागली. गुरुवारची भेट अर्ध्या तासाची होती, तासभर चालली. शब्द सांगितला, त्याचा अर्थ सांगितला, तो कोणासाठी वापरला जायचा तेही. मी त्याला उत्तरं देत होते हे सांगितलं. देवी मी बनवली हे सांगितलं. दादाचा फोन सांगितला, तेव्हा समोरच्या बाईंनी पेन थांबवून तारीख विचारली. शेवटी 'आक्रमक' हा शब्दही माझाच आहे असं म्हटलं. त्या म्हणाल्या, तो या चौकशीचा भाग नाही. तरी लिहून घ्या म्हटलं, त्यांनी घेतलं.

दादाचं काय झालं ते मला अधिकृतपणे कळणार नाही. तो आता चौथ्या मजल्यावर दुसऱ्या प्रोजेक्टवर आहे एवढं दिसतं. माझी नोकरी आज तरी आहे. वहिनींनी रविवारी शाळेच्या पार्किंगमध्ये लांबून हात केला, मीही केला. ढोलाच्या सरावाची वेळ बदलली होती, ती मला कोणी कळवली नाही. मुलाला घेऊन गेले आणि बंद हॉलच्या दाराला हात लावून परत आले. त्याने विचारलं, आपण चुकलो का? मी म्हटलं, वेळ चुकली.

सातूचं_पीठ

आणि डी.? तिच्याशी बोललीस?

रानजाई

हो, शुक्रवारी. तिच्या टेबलापाशी गेले, दोन मिनिटं आहेत का विचारलं. शब्दाचा खरा अर्थ मी तिला माझ्या तोंडाने सांगितला. मी खोटं बोलले होते, माफ कर, असं म्हटलं. मी पाठ करून नेलेली आणखी तीन-चार वाक्यं होती, बाळंतपणाची, व्हिसाची वगैरे. ती बोलले नाही.

तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "ओके." मग स्क्रीनकडे वळून विचारलं, मंगळवारच्या डेटा मायग्रेशनच्या टेस्ट केसेस तयार आहेत का.

त्या चारला पाठवल्या. सव्वाचारला तिने सहा चुका काढून परत पाठवल्या.